मसाईच्या पठारावरील एक प्रश्न

आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा आहे. परंतु त्याचा आरंभ माझ्या घरांतील एका लहानशा प्रसंगापासून झाला. तो प्रसंग आधीं सांगितल्यावांचून पुढील विवेचनाचा हेतु नीट ध्यानांत येणार नाहीं. म्हणून थोडी घरगुती हकीकत आपण ऐकून घ्यावी, अशी विनंति आहे.

माझी मुलगी व जांवई अमेरिकेंत अॅरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरीं राहतात. गेल्या नाताळच्या सुट्टींत तीं कोल्हापुरास आलीं, तेव्हां माझ्या अकरा वर्षांच्या नातीनें आपल्या एका सहलीचीं छायाचित्रें मला दाखविलीं. तांबूस खडकाचे प्रचंड सुळके, सपाट माथ्याचे एकटे उभे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशीं क्षितिजापर्यंत पसरलेली लाल माती. त्यांतील दोन डोंगर तर असे कीं, कोणी राक्षसानें आपले हातमोजे अंगठे वर करून जमिनींत रोवून ठेवावे! त्या जागेस मॉन्युमेंट व्हॅली म्हणतात, आणि ती नवाहो नांवाच्या लोकांच्या मुलखांत आहे.

नात सांगूं लागली, “आबा, तिथें आपल्याला हवें तिकडे फिरतां येत नाहीं. आंतल्या वाटांवर त्यांचाच माणूस बरोबर घ्यावा लागतो. आमच्या माणसानें आधीं त्याच्या आजीचें नांव सांगितलें, तिचीं मेंढरें कुठें चरायचीं तें सांगितलें, आणि मग त्या खडकाचें नांव सांगितलें.” आणि लागलीच तिनें विचारिलें, “कोल्हापुराजवळ असे खडक आहेत का?”

आमच्या मुलखास कांहीं उणें आहे असें कबूल करणें कोल्हापूरच्या माणसास जमत नाहीं. मीं म्हटलें, “आहेत तर! उद्यांच जाऊं.” आणि मसाईच्या पठारावर जाण्याचा बेत ठरला.

निघण्यापूर्वीं, जन्मभराच्या मास्तरकीच्या संवयीनें, मीं त्या नवाहो लोकांविषयीं थोडें वाचन केलें. तें थोडक्यांत सांगतों, कारण पुढें त्याचा उपयोग आहे. हे लोक स्वतःस ‘दिने’ म्हणवितात. त्यांच्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘लोक’ एवढाच. मेंढपाळी, मक्याची शेती आणि लोंकरीचें विणकाम हीं त्यांच्या उपजीविकेचीं जुनीं साधनें. अॅरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा या तीन राज्यांत मिळून त्यांचा मुलूख सुमारें ७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या नऊपट आहे. परंतु तो त्यांच्या हातीं सुखासुखीं राहिलेला नाहीं. १८६३-६४ सालीं अमेरिकन सैन्यानें किट कार्सन या अधिकाऱ्याच्या हाताखालीं त्यांचीं शेतें जाळलीं, मेंढरें मारलीं, आणि कॅन्यन डी शे नांवाच्या दरींतील त्यांच्या सप्ताळूच्या बागा तोडून टाकल्या. उपासमारीनें शरण आलेल्या आठ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना व मुलांना सुमारें तीनशें मैल चालवीत न्यू मेक्सिकोच्या पूर्वभागांतील बॉस्के रेडोंडो येथील छावणींत नेण्यांत आलें. तेथलें पाणी खारट, जमीन नापीक. शेंकडों माणसें तेथें मेलीं. अखेर १ जून १८६८ रोजीं तह झाला, आणि उरलेले लोक आपल्या खडकांकडे परतले. त्या तहांत सरकारनें त्यांस १५,००० मेंढ्या व शेळ्या विकत घेऊन देण्याचें एक कलम आहे. जनावरांवांचून ती भूमि परत मिळूनहि त्यांना मिळाल्यासारखी झाली नसती, हें त्या एका कलमावरून कळतें.

पुढें १९३० नंतरच्या दशकांत, जमिनीची धूप होते या कारणास्तव, सरकारनेंच त्यांचे कळप सक्तीनें कमी केले. १९३९ सालीं जॉन फोर्ड या दिग्दर्शकाचा ‘स्टेजकोच’ हा बोलपट आला, आणि मॉन्युमेंट व्हॅलीच्या सुळक्यांची कीर्ति जगभर झाली. गंमत अशी कीं, अशा बोलपटांच्या पडद्यावर तो मुलूख बहुधा निर्मनुष्य दिसे; मूळचा माणूस दिसलाच, तर तो हल्ला करण्यापुरता दिसे. त्याची आजी, तिचीं मेंढरें, तिची वाट हीं चित्रांत कोठेंच नसत. १९५८ सालीं मात्र नवाहो लोकांनीं ती दरी स्वतःच्या जमातीचें उद्यान म्हणून राखली. माझ्या नातीस भेटलेल्या वाटाड्यानें प्रथम आपल्या आजीचें नांव कां घेतलें, याचा उलगडा मला हें वाचून झाला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सहा माणसें गाडीनें निघालों. मी, माझी पत्नी, मुलगी, जांवई, नात आणि तिचा धाकटा भाऊ. कोल्हापुरापासून पन्हाळा वीसएक किलोमीटर. गडावर तीन दरवाजा पाहिला, अंबारखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या प्रचंड कोठारांत मुलांनीं हांका मारून प्रतिध्वनि ऐकले, आणि मग आम्ही गडाच्या पश्चिमेस मसाईकडे वळलों. म्हाळुंग्याच्या बाजूनें चढ संपला, आणि एकाएकीं समोर कांहींच उरलें नाहीं. झाड नाहीं, घर नाहीं, बांध नाहीं. करड्या-तांबड्या दगडाचा एक अफाट माळ, त्यावर वाळून पिवळें पडलेलें बोटभर गवत, आणि वर नुसतें आकाश. कडेपाशीं उभें राहून पाहावें, तों एका सपाट माथ्यापुढें दुसरा सपाट माथा, मध्यें खोल दऱ्या. नात म्हणाली, “हें तर तिकडच्यासारखेंच वाळवंट आहे.” तिचा तो शब्द त्या महिन्यापुरता कांहीं खोटा नव्हता.

तरी दोन्हींची घडण अगदीं निराळी आहे. तिकडील खडक वाळूचा. पंचवीस कोटी वर्षांहून जुनी वाळू दडपून तिचा दगड झाला, तो भूभाग वर उचलला गेला, आणि पाणी, थंडी व वारा यांनीं मऊ थर झिजवून कठीण भाग तेवढे उभे ठेविले. आमचा खडक अग्नींतून आलेला. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर तप्त रसाचे थरावर थर पसरले. त्यांतूनच आपला सह्याद्रि घडला. परंतु मसाईवर पायांखालीं येतो तो निव्वळ काळा कातळ नव्हे. त्या कातळावर ऊन व पाऊस यांचा युगानुयुगें मारा झाला, विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं, आणि लोखंड व अॅल्युमिनियम यांचीं संयुगें मागें राहून हा तांबडा, छिद्राछिद्रांचा जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरानें मलबारांत हा दगड पाहिला, आणि १८०७ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यास ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत ‘लेटर’ म्हणजे वीट. कोकणांत त्याचे चिरे काढून घरें बांधतात, हें आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल.

असा दगड झाडास रुजूं देत नाहीं. पावसाळ्यांत त्याच्या खळग्यांतून पाणी सांचतें, दाट धुकें उतरतें, आणि गेंद, तेरडा व सीतेचीं आसवें या इवल्याशा फुलांनीं सारा माळ भरून जातो. पुढें दसरा-दिवाळी उलटली कीं तोच माळ उघडा पडतो. पठारावर मसाई देवीचें लहानसें देऊळ आहे; तिच्यावरूनच पठारास हें नांव मिळालें. कडेच्या उतारावर पांडवदरा नांवाचीं लेणीं आहेत. लोक तीं पांडवांचीं म्हणतात. घडण मात्र बौद्ध भिक्षूंच्या विहाराची आहे. अर्थात् हा माळ दिसतो तितका एकाकी पूर्वींहि नव्हता.

देवळापाशीं शिदोरी सोडली, आणि जेवण झाल्यावर मुलांनीं गोष्टीचा हट्ट धरला. या जागेची गोष्ट म्हणजे १६६० सालच्या आषाढांतील त्या रात्रीची. मीं ती वर्गांत सांगत असें तशीच सांगितली.

१० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफझलखान मारला गेला, आणि अवघ्या अठरा दिवसांनीं, २८ नोव्हेंबरास, पन्हाळा महाराजांच्या हातीं आला. विजापूरकरांनीं सिद्दी जौहर यास मोठें सैन्य देऊन पाठविलें. मार्च १६६० मध्यें महाराज पन्हाळ्यावर असतां जौहरानें गडास वेढा घातला. इकडे मे महिन्यांत शाइस्तेखान पुण्यांत येऊन बसला. राजापूरच्या वखारीचा इंग्रज अधिकारी हेन्री रेव्हिंग्टन तोफ व दारूगोळा घेऊन जौहराच्या मदतीस आला, आणि इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे टाकूं लागला. या आगळिकीबद्दल १६६१ सालीं राजापूरची वखार लुटली जाऊन तो व त्याचे सोबती कैदेंत पडले. पावसाळ्यांत वेढा ढिला पडेल ही अपेक्षा जौहरानें खोटी ठरविली. तेव्हां महाराजांनीं शरण येण्याचें बोलणें लाविलें. त्यामुळें चौक्यांवरील पहारा थोडा सैल झाला, आणि १२ जुलैच्या रात्रीं, भर पावसांत, महाराज निवडक बांदल मावळ्यांसह गडाखालीं उतरले व मसाईच्या पठाराच्या वाटेला लागले.

परंपरा सांगते कीं, दुसऱ्या एका पालखींत महाराजांचा वेष घेतलेला शिवा काशीद बसला होता. तो नाभिक होता. शत्रूनें त्याची पालखी पकडली, आणि ओळख पटतांच त्याला मारलें. परंतु त्यानें आपल्या प्राणांच्या मोलानें कांहीं घटका मिळवून दिल्या. मग सिद्दी मसूद पाठलागास निघाला. पन्हाळ्याहून विशाळगड सुमारें ६० किलोमीटर. दुसऱ्या दिवशीं गजापूरच्या घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे व त्यांचे सोबती शत्रूस अडवून उभे राहिले. विशाळगडास सुर्वे व दळवी यांचा वेढा होता. तो फोडून महाराज गडावर पोहोंचले. खिंडींत बाजीप्रभु पडले. तीच आज पावनखिंड म्हणून ओळखली जाते. पन्हाळा सप्टेंबर १६६० मध्यें जौहरास द्यावा लागला. ६ मार्च १६७३ रोजीं कोंडाजी फर्जंद यानें साठ माणसांनिशीं तो परत घेतला.

गोष्ट संपली. मुलें कांहीं वेळ गप्प होतीं. मग नातीनें विचारिलें, “आबा, ही जमीन कुणाची?”

मीं सहज उत्तर दिलें, “कुणाची नाहीं. रिकामा माळ आहे हा.”

आमच्यापासून थोड्या अंतरावर, देवळाच्या सावलीस, एक वृद्ध गृहस्थ काठी आडवी धरून बसले होते. त्यांच्या सात-आठ म्हशी पलीकडे चरत होत्या. मघांपासून तेहि गोष्ट ऐकत असावेत. माझें उत्तर ऐकून ते हंसले आणि म्हणाले, “रिकामा न्हाई, गुरुजी. आमच्या चार पिढ्या ह्या माळावर वाकून गेल्या. तुमास्नी माणूस दिसत न्हाई, म्हनून माळ रिकामा?”

त्या बोलण्यांत राग नव्हता; एखादा हिशोब दुरुस्त करावा तसें तें बोलणें होतें. मीं त्यांस आमच्याजवळ येऊन बसण्याची विनंति केली. माझ्या पत्नीनें त्यांच्या हातावर भाकरी व खर्डा ठेविला. ते धनगर होते. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धनगर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मेंढरांचा कळप व घोंगडी येते, किंवा पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत उधळलेला भंडारा येतो. तो मेंढपाळ धनगर बहुतांशीं पूर्वेकडच्या मोकळ्या मुलखांतला. पश्चिमेच्या डोंगरांत विखुरलेल्या धनगरवाड्यांतून राहतात ते बहुशः डांगे धनगर. त्यांचें धन म्हणजे म्हशी व गाई, आणि त्यांचा व्यापार दूध, लोणी व तूप यांचा. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पायीं जाणारांस कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात. या पट्ट्यांतच पाण्याच्या व चाऱ्याच्या आधारानें धनगरांच्या वस्त्या आहेत.

मीं त्यांस विचारिलें, “पावसांत या माळावर वाट कशी सांपडते?” ते म्हणाले, “धुकं पडलं का हातातली काठी दिसत न्हाई. दगडावर शेवाळ येतंय. पाय सुटला का माणूस दरीत. मग आमी म्हशीच्या पाठीवर हात ठिवून चालतो. तिला वाट ठावी असती. ही वाट माणसानं न्हाई पाडली, ढोरांनी पाडली. एका पाण्यापास्नं दुसऱ्या पाण्यापातूर.”

श्रोतेहो, हें वाक्य ऐकलें, आणि माझ्या मनांत चाळीस वर्षांपूर्वींचा एक दिवस उभा राहिला. त्या काळीं डोंगराच्या पायथ्याच्या एका गांवीं मी नुकताच शिक्षक म्हणून लागलों होतों. पन्हाळ्याच्या सुटकेचा धडा मी मोठ्या आवेशानें शिकवीत असें; खिंडीच्या प्रसंगास माझाहि कंठ दाटून येई. एके दिवशीं धडा संपल्यावर मागच्या रांगेंतून एका धनगराच्या मुलानें हात वर केला. “गुरुजी, त्या रात्री आमची माणसं कुठं हुती?” वर्ग हंसला. मींहि हंसलों. “तें पुस्तकांत नाहीं, खालीं बैस,” असें मीं म्हटलें. तो बसला. त्यानंतर त्यानें माझ्या वर्गांत हात वर केल्याचें मला आठवत नाहीं. सातवीपूर्वींच त्याचें नांव पटावरून कमी झालें.

एका उत्तरामुळें मूल शाळा सोडतें असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या वाडीपासून शाळेपर्यंत दीड तासाची चढउताराची वाट होती, घरीं म्हशी होत्या, आणि पावसाळ्यांत ओढा अडवी. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्या कायद्याचा अभिमान मी जन्मभर वर्गांत सांगत आलों. परंतु कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंत आणतो. त्याचा प्रश्न ऐकून घेणें हें काम शिक्षकाचें असतें. तें मीं केलें नाहीं. आणि तोच प्रश्न माझ्या नातीनें चाळीस वर्षांनीं दुसऱ्या शब्दांत विचारिला, तेव्हांहि मीं तसेंच उत्तर दिलें!

आतां त्या प्रश्नाचा इतिहासाच्या दृष्टीनें विचार करूं. परमानंदाचें संस्कृत ‘शिवभारत’, सभासदाची बखर, जेधे शकावली अशा साधनांतून आपणांस त्या काळाच्या घडामोडी कळतात. हीं साधनें राजे, सरदार, किल्ले, वेढे व तह यांची नोंद ठेवण्यासाठींच लिहिलीं गेलीं. वाटेवरच्या गोठ्याची नोंद त्यांत शोधणें व्यर्थ आहे. परंतु कागदावर नाहीं, तेवढें सारें घडलेंच नाहीं असें मानणें हा इतिहासाचा अभ्यास नव्हे. जुलै महिना ध्यानांत घ्या. काळोख, धुकें, शेवाळलेला जांभा, दोहों बाजूंस दऱ्या. मशाली पेटवाव्या तर शत्रूस दिसणार. न पेटवाव्या तर पाय चुकणार. अशा रात्रीं शेंकडों माणसें पालखीसह हा माळ ओलांडून गेलीं. महाराजांच्या हेरांनीं वाट आधीं पाहून ठेविली असेल, हें मान्य. परंतु हेरास पाहावयास वाट असावी लागते. ज्या निर्जन माळावर गाडी जात नाहीं व बाजार भरत नाहीं, तेथें ती वाट वर्षानुवर्षें मोडूं न देणारे कोण? जनावरें आणि त्यांच्यामागें चालणारीं माणसें. हें माझें अनुमान आहे. परंतु जमीन, ऋतु व चालणें यांवर तें उभें आहे.

याहून पुढें मी जाणार नाहीं. अमुक नांवाच्या धनगरानें महाराजांस वाट दाखविली असें कोणी पुराव्यावांचून छापलें, तर तेंहि मला मान्य होणार नाहीं. एका विस्मरणाची भरपाई दुसऱ्या कल्पितानें होत नसते. शिवा काशीद लोकांच्या स्मरणांत राहिला, बाजीप्रभु राहिले, कारण ते त्या कार्यांत पडले. जो त्या रात्रीं कोणास पाणवठा दाखवून पहांटे आपल्या गोठ्यांत परतला असेल व धार काढावयास बसला असेल, त्याचा पोवाडा होत नाहीं. अशा माणसांसाठीं इतिहासलेखकानें निदान एक ओळ कोरी ठेवावी. ‘येथें कोणी नव्हतें’ असें तीवर लिहूं नये.

कोणी म्हणेल, तीनशें साठांहून अधिक वर्षांपूर्वींच्या रात्रीं माळावर कोण होतें, यावांचून आज काय अडलें आहे? माझ्या मतें पुष्कळ अडलें आहे. महसुलाच्या दप्तरांत ज्या जमिनींत पीक येत नाहीं, तिला ‘पोटखराबा’ म्हणतात. सारा ठरविण्यापुरता तो शब्द योग्य आहे. परंतु शब्द दप्तरांतून माणसांच्या मनांत उतरतात. जेथें पीक नाहीं तेथें उपयोग नाहीं, आणि जेथें उपयोग नाहीं तेथें माणूस नाहीं, असा समज होतो. मग तेथें कांहींहि करावयास मोकळीक वाटते. याच जिल्ह्यांतील दुसऱ्या कांहीं पठारांचा जांभा बॉक्साइटसाठीं खणला गेला आहे. मसाईच्या पठारास शासनानें २०२२ सालीं संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु फुलें राखावयाचीं म्हणून म्हशी हांकलून लावावयाच्या, असें कोणास सुचलें, तर अॅरिझोनांत मेंढरांच्या बाबतींत जें झालें तें आठवावें. अशा क्षेत्रासाठीं आधीं स्थानिक लोकांशीं विचारविनिमय करावा, आणि व्यवस्थापन समितींत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधि असावा, असें कायदाच सांगतो. त्या बैठकींत धनगरवाड्याचा माणूस बोलूं लागला, तर त्याला कोणी ‘खालीं बैस’ म्हणूं नये, एवढेंच माझें मागणें आहे.

नवाहो लोकांची व आमच्या धनगरांची तुलना मी फार ताणीत नाहीं. आमच्या धनगरांवर कोणी सैन्य पाठवून त्यांस देशोधडीस लाविलें नाहीं, आणि महाराजांचें राज्य त्यांना परकें नव्हतें. तरी एक साम्य मला नाकारतां येत नाहीं. दोन्हीकडे बाहेरून आलेल्यानें खडक पाहिला, त्याच्या भव्यतेचें वर्णन केलें, आणि त्या खडकावर दुपारच्या वेळीं सावली शोधीत बसलेला माणूस त्याला दिसलाच नाहीं. फरक इतकाच कीं, तिकडे त्या माणसानें आतां आपल्या दारीं उभें राहून पाहुण्यास सांगावयास आरंभ केला आहे कीं, आधीं माझ्या आजीचें नांव ऐका.

परतण्याची वेळ झाली. दरींतून वारा चढूं लागला होता, आणि म्हशी आपण होऊन देवळाच्या बाजूस वळल्या होत्या. गाडीकडे निघतांना माझी नात मागें फिरली, आणि तिनें त्या वृद्ध गृहस्थांस विचारिलें, “तुमच्या आजीचें नांव काय?” ते क्षणभर गोंधळले. असा प्रश्न त्यांस त्या माळावर कोणी पाहुण्यानें कधीं विचारिला नसावा. मग त्यांनीं तें नांव सांगितलें, आणि समोरच्या उतारावरील एक झरा दाखवून, तिचा गोठा तेथें असे, हेंहि सांगितलें. नातीनें दोन्ही गोष्टी आपल्या वहींत टिपून घेतल्या. तें नांव मी येथें उच्चारीत नाहीं; तें त्यांच्या घरचें आहे.

तो मुलगा आतां पन्नाशीच्या पुढें असेल. कोठें आहे, मला माहीत नाहीं. कदाचित् एखाद्या गिरणींत असेल, कदाचित् याच डोंगरांत म्हशी राखीत असेल; कदाचित् त्याच्या घरीं हें भाषण लागलेंहि असेल. तसें असेल, तर त्याला चाळीस वर्षें उशिरानें माझें एवढें उत्तर आहे: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. पुस्तकांत नव्हतें, म्हणून मीं तो ऐकला नाहीं. ही चूक पुस्तकाची थोडी आणि माझी अधिक होती. त्या रात्रीं तुमचीं माणसें कोठें होतीं, तें कोणी लिहून ठेविलें नाहीं. परंतु ज्या वाटेनें महाराज गेले, ती वाट तुमच्या जनावरांच्या पायांखालचीच असली पाहिजे, असें मला आतां वाटतें.